कुणाचाही हात चालेल असं पीठ

रॅग्ना नेसेट तळघरात उतरली की बायकांचं बोलणं आपोआप खाली यायचं. मिनियापोलिसला, सीडर अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत नॉर्वेजियन लोकांचं विटांचं चर्च होतं. वरच्या मजल्यावर पास्टर रोनिंगचं चालायचं, खालच्या स्वयंपाकघरात रॅग्नाचं. पास्टरचं ऐकलं नाही तर देव बघून घेईल असं लोक म्हणत. रॅग्नाचं ऐकलं नाही तर ती देवाची वाट बघत नसे.

तिचं हे राज्य उभं होतं ग्रेव्हीवर. दर ऑक्टोबरात चर्चचं मोठं जेवण असे. लुटफिस्क मासा, खिम्याचे गोळे, उकडलेले बटाटे, लेफ्स म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, आणि या सगळ्यावर तपकिरी ग्रेव्ही. शहराच्या दुसऱ्या टोकाहून लोक येत, जिन्यावर रांग लावून उभे राहत. मासा सगळीकडे सारखाच वास मारतो. लोक यायचे ते ग्रेव्हीसाठी. गोळे तळलेल्या भांड्याच्या बुडाची खरवड ती लाकडी पळीनं सोडवायची, त्या चरबीत पीठ खमंग भाजायची, मग गरम रस्सा थोडा थोडा घालत ढवळत राहायची. हात एकदा चालू झाला की कुणी मेलं तरी थांबत नसे. सायीसारखी ग्रेव्ही उतरायची, आणि मोठमोठ्या पातेल्यांत शोधून गुठळी सापडायची नाही.

हा हात तिला कुणी प्रेमानं दिला नव्हता. आई गेल्यावर बापानं तिला ऑटर टेल भागातल्या शेतावरून शहरात पाठवलं, पार्क अव्हेन्यूवरच्या एका मिलमालकाच्या घरी कामाला. तेव्हा ती पोरच होती, वेण्या अजून पाठीवर होत्या. तिथली स्वयंपाकीण हुल्डा नावाची स्वीडिश बाई होती. ग्रेव्हीत गुठळी निघाली की हुल्डा ती चमच्यावर घ्यायची आणि तशीच कढत रॅग्नाच्या तळहातावर ठेवायची. "साहेबांच्या जिभेवर जाण्यापेक्षा तुझ्या हातावर बरी," म्हणायची. मूठ उघडायची नाही, ओरडायचं नाही. त्या घरातून रॅग्ना बाहेर पडली तेव्हा तिच्या उजव्या तळव्यावर एक गुळगुळीत डाग होता, आणि शहरात तिच्यासारखी ग्रेव्ही करणारं दुसरं कुणी नव्हतं. हुल्डाबद्दल ती कधी वाईट बोलली नाही. उलट म्हणायची, "शिकवलं तिनं. आजकाल कोण शिकवतं?"

चर्चमध्ये तिनं कुणाचा हात भाजला नाही. तिची रीत वेगळी होती. एखादीच्या पातेल्यात गुठळी निघाली की रॅग्ना ती बशीत काढायची, आणि काम आटोपून बायका कॉफीला बसल्या की ती बशी त्या बाईसमोर ठेवायची. काही बोलायची नाही. कॉफी संपेपर्यंत बशी तिथंच. बाकीच्या नजरा चुकवत केक खायच्या. दोघीतिघी रडल्या होत्या, एक तर कायमची दुसऱ्या चर्चला गेली.

ती बशी एका वर्षी लोरेनसमोर आली.

लोरेन म्हणजे रॅग्नाच्या धाकट्या भावाची, आर्विडची बायको. नदीपलीकडची, पोलिश घरातली, जन्मानं कॅथलिक. आर्विड पिठाच्या मिलमध्ये चाळण्यांवर कामाला होता. त्यानं या मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा रॅग्ना महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. लोरेननं लग्नासाठी पंथ बदलला, लेफ्स लाटायला शिकली, नॉर्वेजियन प्रार्थनाही पाठ केली. रॅग्ना म्हणाली, "पोपटही पाठ करतो." त्याच ऑक्टोबरात नव्या नवरीच्या पातेल्यात गुठळी निघाली, आणि बशी आली.

लोरेननं बशीकडे पाहिलं. मग चमचा घेतला, ती थंड गुठळी तोंडात टाकली, चावली आणि गिळली. "मीठ बरोबर आहे," म्हणाली. कुणी हसलं नाही. त्यानंतर मात्र ती स्वयंपाकघरात आली नाही. दरवर्षी बाहेर टेबलांवर वाढत राहिली, हसतमुखानं, आणि नणंदेला रस्त्यात भेटली तरी हवापाण्यापलीकडे एक शब्द बोलली नाही. अशी बारा वर्षं गेली.

मधल्या काळात लोरेनला नोकरी लागली. मिल चालवणाऱ्या कंपनीचं शहरात एक मोठं स्वयंपाकघर होतं. पांढरे कोट घातलेल्या बायका दिवसभर केक भाजत आणि पाककृती तपासत. लोरेनचं काम ढवळण्याचं आणि धुण्याचं. एकोणीसशे त्रेसष्ट साली ती एक डबा पिशवीत घालून चर्चच्या तळघरात आली. त्या दिवशी जेवणाच्या तयारीसाठी बायका जमल्या होत्या.

"मिसेस ब्राटन, जरा थंड रस्सा द्याल?" लोरेन म्हणाली.

क्लारा ब्राटन ही रॅग्नाची एकुलती मैत्रीण. अंगानं गोल, स्वभावानं मऊ, तिला कुणाला नाही म्हणता येत नसे. तिनं रॅग्नाकडे पाहिलं आणि रस्सा दिला. लोरेननं डबा वाकडा केला. त्यातून पीठ वाळूसारखं सरसर पडलं. धूळ उडाली नाही. तिनं काट्यानं दोनदा फिरवलं, भांडं शेगडीवर ठेवलं आणि हात बांधून उभी राहिली. उकळी आली, ग्रेव्ही दाटली. एक गुठळी नाही.

बायका पुढं सरकल्या. कुणी बोट बुडवलं, कुणी चमचा. "चाळायचं नाही? आधी भाजायचं नाही?" एकीनं विचारलं.

"काही नाही. गारच टाकायचं. कंपनीत पिठाला आधी वाफेची ओल देतात, मग कण एकमेकांना चिकटतात, ते तसेच वाळवतात. दाणा जड होतो, म्हणून पाण्यात सुटा सुटा बुडतो. साधं पीठ वर तरंगत राहतं, त्याचा गोळा होतो."

रॅग्ना कोबी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही. "कण एकमेकांना चिकटवतात," ती म्हणाली. "म्हणजे आधी गुठळ्याच करतात. तुमच्या कंपनीनं गुठळ्या डब्यात भरून विकायला काढल्या म्हण की."

आता मात्र बायका हसल्या. लोरेनही हसली. "हो. पण ह्या विरघळतात."

"कच्चं लागतंय."

"तुम्ही चाखलं कुठं अजून?"

रॅग्नानं चमचा घेतला, चाखलं. वाईट नव्हतं, आणि वाईट नाही हेच तिला झोंबलं. "भाजल्याचा वास नाही. आजाऱ्याला द्यायला ठीक आहे."

"भाजल्याचा वास खरवडीचा येतो. ती घातली की येईल," लोरेन म्हणाली. मग जी गोष्ट बोलायला ती पिशवी घेऊन आली होती ती बोलली. "ह्याचं एक चांगलं आहे. ह्याला कसलेला हात लागत नाही. कुणाचाही चालतो."

रॅग्नानं चिरलेला कोबी पातेल्यात ढकलला आणि दुसरा घेतला. तिच्या तळव्यावर गरम चटका बसल्यासारखं झालं.

त्या वर्षी जेवणाची ग्रेव्ही तिनंच केली. पण ती आधीसारखी राहिली नव्हती, हे तिला एकटीला ठाऊक होतं. दोन हिवाळ्यांपासून उजवं मनगट सुजायचं. पळी मध्येच जड व्हायची, आणि हात थांबला की तळाशी गोळे बांधले जायचे. घरी एकटी असताना ती ग्रेव्ही चाळणीतून गाळून घेई आणि चाळणी लगेच धुऊन ठेवी, जणू कुणी बघायला येणार होतं.

तेवढ्यात तिला एक विजय मिळाला. कंपनीनं जाहिरात केली होती की हे नवं पीठ सगळ्यालाच चालतं, केकला, ब्रेडला, कशालाही. नाताळाच्या आधी बायकांनी त्याचीच लेफ्स करायला घेतली. बटाट्यात ते पीठ मिळूनच येईना. पोळी तव्यावर टाकताना लक्तरं व्हायची. केक फुगायचे आणि बसायचे. कंपनीनं नव्या कृती छापून दिल्या होत्या, पण आजीच्या हातची कृती छापील कागदासाठी कोण बदलणार? रॅग्नानं क्लाराची फाटलेली लेफ्स दोन बोटांत उचलून दिव्यासमोर धरली. "बाळाचा लंगोट," म्हणाली. आठवडाभर ती खुशीत होती. रस्त्यात लोरेन दिसली तेव्हा मुद्दाम थांबून विचारलं, "काय म्हणतात तुमचे पांढरे कोट? आणखी कशाला चालतं ते पीठ? भिंतीची भोकं बुजवायला?"

"ग्रेव्हीला चालतं," लोरेन म्हणाली. "तुमच्या मनगटाला आता बरं आहे का?"

रॅग्नाचा चेहरा उतरला. मनगटाचं ती कुणाला बोलली नव्हती. मग लक्षात आलं, आर्विड. तो मागच्या रविवारी जेवायला आला होता. ताटात गुठळी आली ती त्यानं मुकाट्यानं कडेला सारली होती.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यातच बायकांच्या सभेत विषय निघाला. काढला क्लारानंच, आणि फार गोड शब्दांत. रॅग्नानं इतकी वर्षं कष्ट काढले, आता जरा आराम करावा, ग्रेव्ही नव्या पिठाची करू, सोपं पडेल. हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर गेले. रॅग्नानं ते हात पाहिले. यातला प्रत्येक हात तिनं शिकवला होता. ती म्हणाली, "छान. मी बटाटे सोलीन."

लोरेननं कंपनीतून पिठाच्या गोण्या आणवल्या. स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात त्या ओतून ठेवल्या. तळघराची किल्ली रॅग्नाकडेच होती.

जेवणाच्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत रॅग्ना आली. तिनं डब्यातलं सगळं रवाळ पीठ गोणीत भरलं, गोणी बॉयलरच्या खोलीत नेऊन कोपऱ्यात लावली आणि डबा साध्या पिठानं भरला. मनगट ठणकत होतं, म्हणून डाव्या हातानं भरला. तिचा बेत सरळ होता. ऐन गर्दीत त्यांची ग्रेव्ही फसेल. जिन्यावर रांग ताटकळेल, बायकांची त्रेधा उडेल, लोरेन तोंड पाडून उभी राहील. मग रॅग्ना पुढं होईल, गाळेल, पीठ भाजून घालेल, सावरून घेईल. आणि पुन्हा कुणी डब्यातल्या पिठाचं नाव काढणार नाही. एवढा विचार करताना तिला एकदाही वाटलं नाही की हे चर्च आहे.

संध्याकाळी सगळं तसंच घडलं. बाहेर लोक बसले होते, बटाटे वाफाळत होते. लोरेननं सांगितल्याप्रमाणे क्लारानं डब्यातलं पीठ गार रश्शात ओतलं. ते वर तरंगलं. तिनं ढवळलं. गोळे झाले. आणखी जोरात ढवळलं, तर गोळ्यांचे गोळे झाले. दुसऱ्या पातेल्यातही तेच. क्लारा रडकुंडीला आली. "माझंच काहीतरी चुकलं असेल," असं तिचं चालू झालं.

रॅग्ना बटाट्यांच्या पातेल्यामागं शांत उभी होती.

लोरेन बाहेरून रिकामी ताटली घेऊन आत आली. पातेल्यांत डोकावली, मग सरळ डब्याकडे गेली. मूठभर पीठ घेऊन तिनं त्यावर फुंकर मारली. दिव्याखाली पांढरा धूर उडाला.

"हे पीठ उडतंय," लोरेन म्हणाली. "माझं पीठ उडत नाही. कुणी बदललं?"

क्लारानं रॅग्नाकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"मी," रॅग्ना म्हणाली. खोटं बोलणं तिला कमीपणाचं वाटे. "आता बाजूला हो. लोकं उपाशी बसलीत. क्लारा, चाळणी धर."

लोरेन बाजूला झाली. रॅग्नानं दोन्ही पातेली मोठ्या आचेवर ठेवून उकळी आणली. पीठ शिजल्याशिवाय गाळून उपयोग नव्हता. मग पहिलं पातेलं दोन्ही कानांना धरून उचललं. क्लारा समोर रिकाम्या भांड्यावर चाळणी धरून उभी होती. रॅग्नानं पातेलं वाकडं करायला घेतलं आणि तिचं उजवं मनगट सुटलं. हात जणू तिचा नव्हताच. पातेलं कलंडलं, ओट्याच्या कडेवर आपटलं, आणि उकळती ग्रेव्ही क्लाराच्या गुडघ्यापासून खाली बुटांपर्यंत गेली.

क्लारा ओरडलीही नाही आधी. नुसती खाली बसली. ग्रेव्ही पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून राहते. लोरेननंच तिला ओढत नळाखाली नेलं, पायावर गार पाणी सोडलं, कात्रीनं मोजे कापले. कातडीला चिकटलेला भाग तसाच ठेवला. आर्विड गाडी घेऊन आला. लोक जिन्यावर बाजूला झाले. रॅग्ना पुढं झाली तेव्हा लोरेन म्हणाली, "तुम्ही हात लावू नका." आवाज चढवला नाही. पण सगळ्यांनी ऐकलं.

त्या दिवशी लोकांनी खिम्याचे गोळे लोण्याशी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पास्टर रोनिंग रॅग्नाच्या दारात उभा राहिला. टोपी हातात, बोलणं तोंडात घोळतंय. "मिस नेसेट, मी किल्ली मागायला आलोय असं समजू नका."

"मग कशाला आलात?"

पास्टरनं टोपी फिरवली. "किल्ली मागायला."

तिनं खुंटीवरून किल्ली काढून दिली. त्यानं प्रार्थना करू का विचारलं. ती म्हणाली, "वाटेत करा."

क्लारा इस्पितळातून घरी आली तेव्हा रॅग्ना तिच्याकडे गेली. दार अर्धं उघडलं. क्लारा काठीवर रेलून उभी होती, पायाला जाड पट्ट्या. तिचा तो मऊ चेहरा पहिल्यांदाच कुणीतरी बंद केल्यासारखा दिसत होता.

"माफी मागायला आलीस, की हे लोरेनमुळं झालं म्हणून सांगायला?"

रॅग्नाला खोटं बोलता येत नव्हतं. "दोन्ही," ती म्हणाली.

क्लारानं दार लावलं. रॅग्ना पुढच्या आठवड्यातही गेली, त्याच्या पुढच्याही. पडदा हलायचा, दार उघडत नसे. एकदा तिनं पायरीवर सूपचं भांडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिच्या स्वतःच्या पायरीवर होतं, झाकण न उघडलेलं.

पासष्ट साली नदीकाठची मिल बंद झाली. आर्विड घरी बसला. इतकी वर्षं पीठ छातीत भरून घेतल्यामुळं त्याला खोकला होता, आता खोकायला वेळही मिळाला. घर लोरेनच्या पगारावर चाललं. रॅग्नाला हे सोसवत नसे. आर्विड दुपारी तिच्याकडे येऊन बसे तेव्हा ती म्हणे, "धुळीच्या पिठानं तुला खाल्लं, आणि बिनधुळीच्या पिठावर तुझी बायको जगवतेय तुला."

"जगवतेय ना," आर्विड म्हणायचा. "तू सारखी तिच्यावर का घसरतेस?"

"तिनं मला सगळ्यांना नकोशी केलं."

"पातेलं तिनं नव्हतं उचललं, रॅग्ना."

यावर ती उठून शेगडी पुसायला लागे. एकदा लोरेननं त्याच्याबरोबर त्या पिठाचा डबा पाठवला. आता ते छोट्या निळ्या डब्यातच मिळायचं, झाकणाला भोकं, फक्त ग्रेव्हीसाठी. केक-ब्रेडचा हट्ट कंपनीनं सोडला होता. रॅग्नानं डबा खिडकीतून मागच्या अंगणात टाकला. आर्विडनं खाली जाऊन तो उचलला, पुसला आणि परत घरी नेला. तिनं त्यानंतर घरी ग्रेव्हीच केली नाही. साध्या पिठाची तिला जमत नव्हती आणि दुसरी तिला करायची नव्हती. बटाट्यांवर लोणी घालून खायची.

आर्विड छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या पाठोपाठ दोनेक वर्षांत रॅग्नाचे दोन्ही हात गेले. बटण लावता येईना. तिला लुथरन पंथाच्या वृद्धाश्रमात ठेवलं. भेटायला कोण येणार? तर लोरेन आली, रविवारी चर्च सुटल्यावर, कोट न काढता.

"आर्विडनं सांगितलं होतं म्हणून येते," तिनं खुर्ची ओढत सांगितलं. "नाहीतर आले नसते."

"मी बोलावलं नव्हतं."

"माहितीय."

अशी ती दर रविवारी येत राहिली. दोघी भांडत. क्लाराचा पाय अजून ओढतो, लोरेन सांगे. रॅग्ना विचारी, "माझं काही म्हणते?" लोरेन म्हणे, "नाही." एकदा रॅग्नानं सांगितलं, "तुला ती बशी दिली ते बरोबरच होतं. गुठळी होती." लोरेन म्हणाली, "होती. आणि तुम्ही दुष्टच आहात." रॅग्नानं मान हलवली, जणू कुणी तिचं वय बरोबर सांगितलं होतं.

एका रविवारी जेवणाचं ताट आलं. मांस, बटाटे, फिकट ग्रेव्ही. रॅग्नाला चमचा धरता येत नव्हता. लोरेननं इकडं तिकडं पाहिलं, नर्स नव्हती, तेव्हा चमचा तिनंच धरला.

रॅग्नानं घोट गिळला. "तुझं पीठ आहे."

लोरेननं त्याच चमच्यानं चाखलं. "माझंच आहे. पण खरवड फेकून दिलीय. नुसत्या पाण्याला पीठ लावलंय."

"मीठही नाही."

"मीठही नाही. असं कुणी करतं का?" लोरेननं ताट उचललं आणि तरातरा स्वयंपाकघराकडे निघाली. आतून तिचा चढलेला आवाज आला, मग भांड्यांचा. रॅग्ना ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं लोरेन हात पुसत परत आली, म्हणाली, "पोरींना काही येत नाही."

"तू बोललीस काय त्यांना?"

"तुम्ही बोलला असतात तेच."

"मग पुरेसं नाही बोललीस," रॅग्ना म्हणाली, आणि तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी.

रॅग्ना त्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत गेली. जमीन गोठलेली असल्यामुळं पुरायला वसंतापर्यंत थांबावं लागलं. चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणं हॅमचे सँडविच आणि कॉफी झाली; अंत्यविधीच्या जेवणाला ग्रेव्ही नसते. क्लारा काठी टेकत आली, शेवटच्या बाकावर बसली, आणि कॉफीला न थांबता निघून गेली. कप लोरेननं धुतले.